फुकटच्या मेलात कागद ठेवायचे तर

बाई, दुकान आता तू सांभाळणार. टोनर कधी बदलायचा, लॅमिनेशनचं मशीन किती तापू द्यायचं, हे तू आपोआप शिकशील. मला सांगायचं आहे ते मशीनबद्दल नाही. हिंगण्यात तहसीलजवळ बसतो आपण. कान्होलीबाऱ्याहून, टाकळघाटहून, डोंगरगावहून माणूस एक कागद घेऊन येतो. आत खिडकीवर त्याला सांगतात, याच्यासोबत अजून एक लागतो. तो दुसरा कागद घरी पेटीत. माणसाची त्या दिवशीची मजुरी गेली, एसटीचं भाडं गेलं, आणि काम उद्यावर. म्हणून मी लोकांना सांगत आलो की बाप्पा, कागद एकदा स्कॅन कर आणि स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेव. फुकट आहे, मोबाइल हरवला तरी कागद हरवत नाही, आणि कोणत्याही दुकानातून काढता येतो. आता हे सांगायचं काम तुझं. पण अर्धवट सांगू नको. मेलात नुसतं पाठवून दिलं म्हणजे जपलं असं होत नाही.

पहिली गोष्ट विषयाच्या ओळीची. पोट्टे मेल पाठवतात तेव्हा विषय रिकामा सोडतात, आणि फाइलचं नाव असतं ‘स्कॅन 0001’. असे मेल साठले की त्यातून उत्पन्नाचा दाखला शोधणार कसा? विषयात चार गोष्टी यायलाच पाहिजेत: कागद कोणता, कोणाचा, कोणत्या मौज्याचा किंवा शाळेचा, आणि साल. ‘सातबारा, बाबांच्या नावचा, मौजा अमुक, गट क्रमांक तमुक, 2024.’ हेच मेलच्या आत इंग्रजी अक्षरांतही लिहायचं, कारण शोधायच्या वेळी हातात असलेल्या मोबाइलमध्ये मराठी कीबोर्ड असेलच असं नाही. अजून एक बारीक बाब. मेलातला शोध पूर्ण शब्द जुळवतो. तू विषयात ‘दाखल्याची प्रत’ लिहिलंस आणि नंतर ‘दाखला’ शोधलास, तर तो सापडेलच याची खात्री नाही. म्हणून विषयात शब्द मूळ रूपात लिही: दाखला, सातबारा, फेरफार, टीसी. विभक्तीचे प्रत्यय लावायचेच नाहीत. वाचायला ते रुक्ष दिसतं, पण आपल्याला निबंध लिहायचा नाही.

फाइलचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेव. सरकारी पोर्टलं देवनागरी नावाच्या फाइलवर कधी अडतील, सांगता येत नाही.

शोधायची पट्टी नीट वापरायला शीक आणि गिऱ्हाइकालाही शिकव. जीमेलमध्ये इंग्रजीत ‘हॅज’, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून ‘अटॅचमेंट’ लिहिलं की फक्त फाइल जोडलेले मेल समोर येतात. ‘फाइलनेम’ कोलन ‘पीडीएफ’ लिहिलं की फक्त पीडीएफ. ‘लार्जर’ कोलन ‘10एम’ लिहिलं की 10 एमबीहून मोठे सगळे मेल एका रांगेत, म्हणजे जागा कोणी खाल्ली ते कळतं. आणखी एक युक्ती फार कोणाला ठाऊक नाही. जीमेलच्या पत्त्यात ‘ॲट’च्या आधी प्लसचं चिन्ह आणि एखादा शब्द घातला, तरी मेल त्याच खात्यात येतो. ‘प्लस शेती’, ‘प्लस शाळा’ असं करून स्वतःला पाठवायचं आणि त्या पत्त्यावर फिल्टर लावून लेबल द्यायचं. कागद आपोआप वेगवेगळ्या ढिगात जातात.

स्वतःला पाठवलेल्या मेलबद्दल एक गैरसमज आहे, तो काढून टाक. लोकांना वाटतं, एक प्रत ‘सेंट’मध्ये आणि दुसरी ‘इनबॉक्स’मध्ये, म्हणजे दोन झाल्या. जीमेलमध्ये तो एकच मेल असतो, दोन ठिकाणी दिसतो एवढंच. एका ठिकाणाहून पुसला की दुसरीकडूनही गेला. मग तो 30 दिवस ‘ट्रॅश’मध्ये पडून राहतो आणि त्यानंतर कायमचा जातो. काही जण मेल पाठवतच नाहीत, ‘ड्राफ्ट’मध्ये ठेवतात. मला ते पसंत नाही. ड्राफ्ट हा उघडा मेल असतो. बसमध्ये अंगठा लागला की फाइल निघून जाते आणि कळतही नाही. पाठवून टाकावा.

तुला 15 जीबी जागा मिळते त्याचं अप्रूप वाटत नाही. वाटेल कसं? आमच्या वेळी फ्लॉपीत 1.44 एमबी मावायचं, आणि तीही दुसऱ्या दिवशी उघडेल याचा भरवसा नाही. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 1996 मध्ये हॉटमेल काढलं, पण त्यात फुकट जागा 2 एमबी. याहूत 4. एवढ्यात कागद साठवायचं म्हटलं तर एक फोटो आला की जुने चार मेल पुसा. मग 1 एप्रिल 2004 ला गूगलनं जीमेल जाहीर केलं आणि म्हणाले, 1 जीबी देतो. तारीख एप्रिल फूलची, त्यामुळे पुष्कळांना ती थट्टाच वाटली. खातंही सहज मिळायचं नाही, आधीपासून खातं असलेल्या कोणीतरी बोलावणं धाडावं लागायचं. पण इंजिनिअरिंगच्या पोरांनी त्याचा खरा उपयोग बरोबर ओळखला. वानाडोंगरीच्या कॉलेजांतली पोरं सायबर कॅफेत बसून प्रोजेक्टचा अहवाल स्वतःलाच मेल करायची, कारण पेनड्राइव्ह एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात गेला की व्हायरस घेऊनच यायचा.

जगभर तेच चाललं होतं. त्याच 2004 मध्ये रिचर्ड जोन्स नावाच्या माणसानं ‘जीमेल एफएस’ हा प्रोग्राम लिहिला. लिनक्सवर मेलचं खातं सरळ हार्ड डिस्कसारखं दिसायचं, फाइल टाकली की आतून तिचा मेल बनायचा. विंडोजसाठी ‘जीमेल ड्राइव्ह’ आलं. दोन्ही गूगलची नव्हती. गूगलनं आतली रचना बदलली की ती बंद पडायची, मग कोणीतरी दुरुस्त करायचं, पुन्हा बंद पडायची. एप्रिल 2012 मध्ये गूगलनं स्वतःच ड्राइव्ह उघडलं, तेव्हा 5 जीबीचं, आणि या खटपटीची गरज संपली. 2013 पासून मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून 15 जीबी असा हिशेब झाला.

तू म्हणशील, मामा, मग ड्राइव्हच वापरा ना, मेल काहून? तरुण माणसाला मी ड्राइव्हच सांगतो. पण शेतावरून आलेल्या साठीच्या माणसाला मेल कळतो. पत्र आलं, त्याला कागद जोडलेला आहे, ही गोष्ट त्याच्या ओळखीची आहे. फोल्डर, शेअरिंग, परवानगी हे सगळं त्याला समजावण्यात आपला अर्धा दिवस जातो आणि घरी जाईपर्यंत तो विसरतो. शिवाय मेलवर तारीख आपोआप पडते. कोणता कागद कधी पाठवला होता यावरून वाद झाला तर ते कामी येतं.

मोठ्या फाइलचं गणित समजून घे, कारण गिऱ्हाईक त्यावरून भांडतं. जीमेल म्हणतं 25 एमबीपर्यंत जोडा. मग 22 एमबीची फाइल कधी कधी का जात नाही? मेल हा मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेला. त्यातून चित्र किंवा पीडीएफ पाठवायचं तर आधी ते अक्षरांत बदलावं लागतं. तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे फाइल वाटेत साधारण एक तृतीयांशानं फुगते. त्यामुळे प्रत्यक्षात 18 एमबीच्या आसपास थांबावं. 25 एमबीहून मोठी असेल तर जीमेल ती ड्राइव्हवर टाकून नुसती लिंक पाठवतं. लिंक म्हणजे फाइल नव्हे. ड्राइव्हवरून मूळ फाइल पुसली की मेलमधली लिंक पोकळ. ही अक्षरांत बदलायची रीत 1992 मध्ये ठरली. त्या वर्षी 11 मार्चला नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन यांनी आपल्या गायक मित्रांचा फोटो आणि गाणं मेलला जोडून पाठवलं. आज आपण सातबारा जोडतो तो त्याच रीतीनं.

स्कॅन करताना जुना कागद रंगीतच कर, 300 डीपीआयवर. काळ्या-पांढऱ्यात शिक्का आणि पुसट शाई दोन्ही मरतात. महाडीबीटीचा फॉर्म असो की सीईटी सेलचा, तिथे फाइल केबीत मागतात, म्हणून लोक मूळ स्कॅनच दाबून लहान करतात आणि तोच ठेवून देतात. तसं करू देऊ नको. मोठी प्रत मेलात राहील, फॉर्मपुरती लहान प्रत वेगळी काढायची.

आता जागा भरण्याबद्दल. हे खेड्यांत कोणालाच माहीत नसतं. 15 जीबी एकट्या मेलचे नाहीत. मोबाइलचे फोटो त्यातच जातात. 2021 च्या 1 जूनपासून फोटोंना वेगळी फुकट जागा राहिली नाही. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच जागेत मोजला जातो. म्हणजे लग्नाचे व्हिडिओ आणि ‘शुभ सकाळ’चे फोटो मिळून खातं भरतात, आणि भरलं की नवीन मेल येणं थांबतं. नोकरीचं बोलावणं आलं तरी ते परत जातं आणि पोराला पत्ताच नसतो. यावर माझा उपाय साधा आहे. कागदांचं खातं वेगळं काढायचं आणि त्याला मोबाइलचा बॅकअप जोडायचाच नाही. नुसत्या कागदांनी 15 जीबी भरायला जन्म जाईल.

खातं उघडून देताना आपल्याकडून होणारं सगळ्यात मोठं नुकसान मोबाइल नंबरचं. सेतूत म्हण, ऑनलाइनच्या दुकानांत म्हण, घाई असते, गिऱ्हाइकाचा मोबाइल घरी असतो, आणि ओटीपीसाठी दुकानदार स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. दोन वर्षांनी तो माणूस पासवर्ड विसरतो आणि दुकान तोवर उठलेलं असतं. मग त्या खात्यातले कागद असून नसल्यासारखे. आपल्या दुकानातून एकही खातं आपल्या नंबरवर निघता कामा नये. त्याचा नंबर नसेल तर त्याला सांग, उद्या ये. तो चिडला तरी चालेल. नंबरही पोराचा नको, सुनेचा नको, ज्याचा कागद त्याचाच. सिमवर रिचार्ज नाही झाला तर नंबर बंद पडतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला दिला जातो, हेही सांगत जा.

टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, चालू केलं की गूगल 10 बॅकअप कोड देतं, प्रत्येक आठ आकडी. एक कोड एकदाच चालतो. ते छापून द्यायचे आणि रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगायचे, कारण आपल्याकडे ती पिशवी कधी हरवत नाही. आणि पासवर्ड विसरलेला कोणी आला तर त्याला आपल्या कॉम्प्युटरवर बसवू नको. ज्या मोबाइलवर आणि ज्या गावात तो नेहमी मेल उघडायचा, तिथूनच परत मिळवायचा प्रयत्न केला तर गूगलला ओळख लवकर पटते. दुकानातल्या मशीनवर चारदा चुकीचं टाकून बसलं की रस्ता आणखी अवघड होतो. हे सांगितल्यानं आपले पन्नास रुपये जातात. जाऊ दे.

आपल्या दुकानाच्या मेलबद्दल मी जास्त कडक आहे. ‘दुकानाच्या मेलवर पाठवा, प्रिंट काढून देतो’ असं आपण दिवसभर म्हणतो. संध्याकाळपर्यंत त्या खात्यात पंचक्रोशीतल्या माणसांची आधार, पॅन, पासबुकं येऊन पडतात. बहुतेक दुकानांत ती वर्षानुवर्षं तशीच असतात. हे पाप आहे, दुसरा शब्द नाही. आता तर 2023 चा वैयक्तिक डेटाचा कायदाही आहे, पण कायदा नसता तरी लोकांचे कागद आपल्याकडे साठवायचा आपल्याला काय अधिकार? शटर ओढायच्या आधी इनबॉक्स, सेंट, ट्रॅश आणि डाउनलोडचं फोल्डर, चारही रिकामे करायचे. गिऱ्हाइकानं स्वतःचं खातं आपल्या कॉम्प्युटरवर उघडलं तर ते इनकॉग्निटो खिडकीतच उघडायचं. आणि तो दुसऱ्या दुकानात लॉगआउट करायचं विसरला असेल तर जीमेलच्या पानाच्या अगदी तळाशी उजवीकडे ‘डिटेल्स’ असतं. तिथून बाकी सगळीकडचं लॉगिन बंद करता येतं. ही जागा दाखवलीस की माणूस तुला विसरत नाही.

आधारचा पीडीएफ मेलात ठेवायचा असेल तर मास्क्ड घ्यायचा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ई-आधारच्या पासवर्डावर विसंबू नको. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड मेलात लिहायचाच नाही, ड्राफ्टमध्येही नाही.

प्रत्येक कागद मेलात ठेवायची गरज नाही, हेही लोकांना सांग. सातबारा महाभूमीवरून 15 रुपयांत डिजिटल सहीचा ताजा निघतो. वर्षभर जुना सातबारा जपून काय करणार, खिडकीवर ताजाच मागतात. दहावी-बारावीची गुणपत्रिका, लायसन्स हे डिजिलॉकरमध्ये येतं, 2015 पासून ती सोय आहे, आणि तिथे सरकारी खात्यानं थेट दिलेला कागद कायद्यानं मूळ कागदाच्या बरोबरीचा. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेला मात्र नाही, तो नुसता स्कॅन. डिजिटल सहीची फाइल आली की ती आहे तशी मेलात ठेवायची. तिचा फोटो काढून किंवा प्रिंटचा पुन्हा स्कॅन करून ठेवला तर सही तपासता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून.

मग मेलात जपायचं काय? जे पुन्हा मिळणार नाही ते. बाई, इथे कान देऊन ऐक.

जात पडताळणीला येणारी पोरं पाहा. अनुसूचित जातीच्या पोराला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो, जमातीच्या पोराला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967. म्हणजे आजोबाचा, पणजोबाचा कागद. आपल्याकडे तो कोतवाल पंजीत सापडतो, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडतो, जुन्या फेरफारात सापडतो. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे कित्येक कागदांवर हिंदी मजकूर असतो, पटवाऱ्याचं अक्षर वेगळंच, आणि कागद घडीवर फाटलेला. असा कागद एखाद्या काकानं रेकॉर्ड रूमला चकरा मारून मिळवलेला असतो. त्याच्या पोराचं काम होतं आणि कागद त्याच्या कपाटात जातो. पुढे दहा वर्षांनी चुलत भावाच्या पोरीला तोच लागतो, तेव्हा काका नसतो, आणि कपाट कोणी उघडायचं यावर भावकीत बोलणं बंद झालेलं असतं.

म्हणून असा कागद आला की स्कॅन करून त्या माणसाला विचार: तुमच्या भावकीत कोणाकोणाचे मेल आहेत? चार-पाच पत्ते घे आणि एकाच मेलात सगळ्यांना पाठव. खाली कागदाचा मजकूर टाइप करून दे: कोणाचं नाव, नातं काय, रजिस्टर कोणतं, साल, पान. त्या पाच खात्यांवर पाच वेगळे पासवर्ड आहेत, पाच वेगळी घरं आहेत. एकाचं खातं गेलं तरी चौघांकडे आहे. रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र मिळालं की तेही त्याच मेलाला उत्तर म्हणून सगळ्यांना, कारण पुढच्या पोरांना तो मोठा आधार होतो. दवाखान्याचे जुने रिपोर्ट, वाटणीपत्र, खरेदीखत यांनाही हीच रीत. आधार-पासबुक मात्र या साखळीत टाकायचं नाही, भावकीतसुद्धा. एवढं टाइप करायचे वेगळे पैसे घे, मी नाही म्हणत नाही.

फुकटचं खातं हे दुसऱ्याच्या घरात ठेवलेल्या कापसासारखं आहे. भाडं लागत नाही, पण घर त्याचं. गूगलचा 2023 चा नियम आहे: दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर ते आतल्या सगळ्यासकट पुसलं जाऊ शकतं. फॉर्मापुरतं खातं काढून विसरणारे आपल्याकडे किती आहेत ते तू पाहशीलच. त्यांना मी तान्ह्या पोळ्याचा दिवस ठरवून देतो. पोरं लाकडी बैल घेऊन निघाली की घरातल्या कोणीतरी खातं उघडून एक मेल वाचायचा. तेवढ्यात खातं जिवंत राहतं. त्याच दिवशी महत्त्वाचे कागद पेनड्राइव्हवरही उतरवायचे. ज्याला जमेल त्यानं गूगल टेकआउटमधून सगळं खातंच एकदम उतरवावं.

आणि म्हाताऱ्या माणसाचं खातं असेल तर सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खातं हललं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं हे तिथे लिहून ठेवता येतं. विषय काढायला अवघड जातं, माणसाला वाटतं ही मरणाची गोष्ट करते. तरी काढ. त्याच्या पोराला त्या खात्यातले शेताचे कागद त्यावाचून सहज मिळणार नाहीत. माझ्या खात्यात मी तिथे तुझा नंबर टाकला आहे, तेव्हा तो नंबर बदलू नको, आणि बदललास तर मला आधी सांग.